पेशींचा शेजार : फळमाशीच्या डोळ्याने शिकवलेला धडा

पेशींचा धडा शिकवायला घेतला की आपण सगळेच पहिल्या पाच मिनिटांत एक उपमा वापरतो. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. उपमा सोपी आहे, मुलांना चटकन समजते, परीक्षेतही चालते. पण मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, "सर, मग या विटा रचतो कोण?" आणि आपली पंचाईत होते. इथे गवंडी नाही, ओळंबा नाही, नकाशा हातात घेऊन उभा असलेला मुकादमही नाही. "जनुके" असे उत्तर देऊन आपण सुटका करून घेतो. पण जनुकात असते ती मुख्यतः प्रथिन कसे बनवायचे याची कृती. "तू दोन घरे डावीकडे सरक, मग काटकोनात वळ" असा हुकूम त्यात कुठेच लिहिलेला नसतो. मग पेशी आपापल्या जागी पोचतात कशा?

या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या उत्तरातले काही महत्त्वाचे तुकडे सापडले ते पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणाऱ्या चिलटाएवढ्या माशीच्या, म्हणजे ड्रोसोफिला या फळमाशीच्या डोळ्यात. तिथपर्यंतचा रस्ता मात्र समुद्रातल्या स्पंजापासून सुरू होतो.

गाळलेला स्पंज

१९०७ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन या प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. त्याने जिवंत स्पंजाचे तुकडे बारीक विणीच्या रेशमी कापडातून पिळून पाण्यात गाळले. आपण चक्का पंचातून गाळतो तसेच म्हणा ना. पलीकडे पडले ते सुट्या पेशींचे गढूळ पाणी. स्पंज नाहीसा झाला होता. पण पेशी मेल्या नव्हत्या. त्या तळाशी बसल्या, सरपटू लागल्या, एकमेकींना भेटून चिकटल्या, त्यांचे गोळे झाले आणि काही दिवसांनी त्या गोळ्यांतून पुन्हा स्पंज तयार झाले.

म्हणजे इमारत पाडून विटांचा ढीग करावा आणि सकाळी येऊन पाहावे तो इमारत उभी! विटांची उपमा इथेच पहिल्यांदा डळमळली. पण एक शंका उरली. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला बाहेरच्याच पेशी दिसतात, त्या चालत तिथे गेल्या म्हणून, की जी पेशी बाहेर सापडली तिने जागेप्रमाणे आपले रूप बदलले म्हणून? सगळ्या पेशी सारख्याच दिसत असतील, तर हे ओळखायचे कसे?

याचे उत्तर मिळायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जर्मनीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले योहानेस होल्टफ्रेटर उभयचर प्राण्यांच्या भ्रूणांवर काम करत. १९५५ साली त्यांनी आणि फिलिप टाउन्स यांनी भ्रूणाच्या ऊती अल्कधर्मी द्रावणात ठेवून पेशी सुट्या केल्या. त्वचेच्या आणि मज्जासंस्थेच्या पेशी त्यांनी अशा निवडल्या की रंगावरून त्या ओळखता याव्यात. मग त्या एकत्र कालवल्या. थोड्या वेळाने त्या मिसळीतून त्वचेच्या पेशी बाहेर आल्या आणि मज्जासंस्थेच्या आत गेल्या. कोणत्याही पेशीने रंग, म्हणजे ओळख, बदललेली नव्हती. पेशी खरोखरच जागा बदलत होत्या आणि आपल्या सोबतिणी शोधत होत्या. होल्टफ्रेटर या ओढीला 'ऊतींचे आकर्षण' म्हणत.

तेल, पाणी आणि पेशी

'आकर्षण' या शब्दाने वर्णन होते, स्पष्टीकरण होत नाही. ते देण्याचा धाडसी प्रयत्न माल्कम स्टाइनबर्ग यांनी १९६३ साली केला. त्यांचे म्हणणे असे : तेल आणि पाणी हलवून ठेवले की ते वेगळे होतात. तेलाच्या थेंबांना कुणी तसा आदेश देत नाही. एका द्रवाचे रेणू एकमेकांना जास्त घट्ट धरतात, दुसऱ्याचे कमी. पेशींचेही तसेच असेल तर? सर्व पेशी चिकटतात, पण कमीअधिक. थोड्या हालचालीला वाव मिळाला की ज्या एकमेकींना सर्वांत घट्ट धरतात त्या आत गोळा होतील आणि सैल धरणाऱ्या त्यांच्याभोवती पसरतील.

ही कल्पना तपासता येण्याजोगी होती. कोंबडीच्या भ्रूणातील पायाच्या कूर्चेच्या पेशी हृदयाच्या पेशींत मिसळल्या तर कूर्चा आत जाते. हृदयाच्या पेशी यकृताच्या पेशींत मिसळल्या तर हृदय आत जाते. मग कूर्चा आणि यकृत मिसळले तर? चिकटपणाचा हा क्रम खरा असेल तर कूर्चाच आत गेली पाहिजे. प्रयोगात तसेच घडले. गणितातला 'अ मोठा ब हून, ब मोठा क हून' हा नियम पेशींनी पाळला होता.

अर्थात टीकाही झाली. जिवंत पेशी म्हणजे काय तेलाचा थेंब? आणि तो 'चिकटपणा' म्हणजे नेमका कोणता पदार्थ? डिंकाचे नाव सांगता येत नसताना डिंकाचा सिद्धांत मांडणे अवघडच होते.

एका द्रावणातला फरक

डिंकाचे नाव सापडले ते एका फसलेल्या प्रयोगामुळे. जपानमधील क्योतो विद्यापीठाचे मासातोशी ताकेइची १९७० च्या दशकात काही काळ अमेरिकेतील बाल्टिमोर येथे कार्नेगी संस्थेत काम करत होते. ट्रिप्सिन या विकराने सुट्या केलेल्या पेशी क्योतोत पुन्हा एकमेकींना चिकटत, बाल्टिमोरमध्ये चिकटेनात. पेशी त्याच, पद्धत तीच. शोध घेता कळले की बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए हे रसायन घातलेले होते, क्योतोच्या द्रावणात ते नव्हते. ईडीटीए कॅल्शियमला पकडून ठेवते. म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर असे काही प्रथिन असले पाहिजे की जे कॅल्शियम असेल तर ट्रिप्सिनपासून सुरक्षित राहते, आणि कॅल्शियम नसेल तर पचून जाते.

फसलेला प्रयोग ताकेइचींनी टाकून दिला नाही, त्याचे कारण शोधले. त्या प्रथिनाला पुढे 'कॅड्हेरिन' हे नाव मिळाले. १९८७ साली त्यांच्या गटाने उंदराच्या एरवी सुट्या राहणाऱ्या पेशींत ई-कॅड्हेरिनचे जनुक घातले, तर त्या पेशी एकमेकींना बिलगून राहू लागल्या. पुढे कॅड्हेरिनचे अनेक प्रकार सापडले. साधारणपणे एका प्रकारचे कॅड्हेरिन शेजारणीच्या त्याच प्रकारच्या कॅड्हेरिनला धरते. १९९४ साली स्टाइनबर्ग आणि ताकेइची यांनी एकत्र काम करून दाखवले की एकाच कॅड्हेरिनचे प्रमाण कमीजास्त असले तरी पेशी वेगळ्या होतात आणि जास्त कॅड्हेरिनवाल्या आत जातात. तीस वर्षांपूर्वीच्या सिद्धांताला डिंकासकट पुरावा मिळाला.

पण हे सगळे काचेच्या बशीतले. खऱ्याखुऱ्या अवयवात पेशींची जागा अशीच ठरते का? त्यासाठी असा अवयव हवा होता, की ज्यात प्रत्येक पेशीची जागा ठरलेली आहे आणि एक जरी चुकली तरी लगेच दिसते.

आठशे भिंगांचा डोळा

फळमाशीचा डोळा हा असा अवयव आहे. तो संयुक्त असतो, म्हणजे साडेसातशे ते आठशे छोट्या डोळ्यांचा बनलेला. या छोट्या डोळ्याला आपण नेत्रिका म्हणू. प्रत्येक नेत्रिकेत आठ प्रकाशग्राही पेशी, त्यांच्यावर भिंगाला आधार देणाऱ्या चार शंकुपेशी, त्यांना दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या दोन रंगद्रव्य पेशी आणि दोन नेत्रिकांच्या मध्ये पेशींची एकपदरी जाळी. सगळी मांडणी मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी. पोळ्यात एक खण वेडावाकडा झाला तर जसा डोळ्यांत भरतो, तसेच इथेही. बिघडलेला डोळा साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही खडबडीत दिसतो.

१९७६ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डोनाल्ड रेडी, थॉमस हॅन्सन आणि सेमूर बेंझर यांनी हा डोळा कसा घडतो ते क्रमवार मांडले. (बेंझर यांचा मुंबईशीही संबंध आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करणारे ओबेद सिद्दीकी यांनी त्यांच्याबरोबर फळमाशीवर काम केले. त्या दोघांचा एकत्र शोधनिबंधही १९७६ सालचाच.) अळीच्या शरीरात भावी डोळ्याच्या पेशींचा एक चपटा पडदा असतो. त्यावरून एक खाच मागून पुढे सरकत जाते आणि तिच्या मागे नेत्रिकांच्या रांगा एकामागून एक उमटतात. या तिघांनी आणखी एक गोष्ट दाखवली. एका नेत्रिकेतल्या पेशी एकाच आईपेशीच्या लेकी असाव्याच लागतात असे नाही. जन्माने कोण कुणाची, याला महत्त्व नाही. कोण कुणाच्या शेजारी आली, याला आहे.

फुगडी

आता या डोळ्यातली सर्वांत नवलाची हालचाल पाहू. नेत्रिकांचे गट जेव्हा खाचेमागे तयार होतात तेव्हा सगळ्यांचे तोंड एकाच दिशेला असते. मग प्रत्येक गट आपल्या जागी ९० अंशांतून वळतो. डोळ्याच्या वरच्या अर्ध्यातले गट एका दिशेने, खालच्या अर्ध्यातले उलट दिशेने. मध्ये विषुववृत्तासारखी रेषा राहते आणि दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिमांसारख्या दिसतात. हा काटकोन शोभेसाठी नाही. शेजारशेजारच्या नेत्रिकांतल्या ज्या प्रकाशग्राही पेशी एकाच दिशेला पाहतात त्यांचे संदेश मेंदूकडे जाताना एकत्र येतात. नेत्रिका तिरकी राहिली तर ही जुळणी बिघडते.

वळणे म्हणजे काय, ते नीट डोळ्यांपुढे आणा. नागपंचमीला फुगडी घालणाऱ्या मुली आठवा. एकमेकींचे हात घट्ट धरलेले, पाय जवळ, अंग मागे झुकलेले. हात सुटले तर दोघी पडतात. पण भोवतीच्या गर्दीतल्या कुणी त्यांचा पदर धरून ठेवला, तरी फुगडी होणार नाही. आत पकड घट्ट हवी आणि बाहेर सैल. नेत्रिकेचेही तसेच आहे. गटातल्या पेशी एकमेकींना धरून एकसंध वळतात, भोवतीच्या पेशी वळत नाहीत, आणि तरीही पडद्याला कुठे फट पडत नाही.

म्हणजे नुसता चिकटपणा पुरत नाही. तो कुठे वाढवायचा आणि कुठे कमी करायचा हे जमावे लागते. १९९४ साली क्वांग-वुक चोई आणि बेंझर यांनी 'निमो' नावाच्या जनुकाचे वर्णन केले. ते बिघडले की नेत्रिका सुमारे अर्ध्या वळणावरच अडकतात. २००६ साली न्यूयॉर्कमधील इव्हाना मिर्कोविच आणि मारेक म्लॉडझिक यांनी दाखवले की या फुगडीत दोन कॅड्हेरिने वेगवेगळी कामे करतात. ई-कॅड्हेरिन वळण्याला मदत करते, तर एन-कॅड्हेरिन त्याला आवर घालते. २०११ साली त्यांच्याच गटाने निमो आणि कॅड्हेरिन यांना जोडणारा दुवाही दाखवला. कॅड्हेरिनला पेशीच्या आतून धरून ठेवणाऱ्या बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला निमोपासून बनणारे विकर फॉस्फेटचा गट जोडते, आणि त्यातून चिकटण्याचे सांधे बदलत राहतात.

विटांमधले सिमेंट एकदा वाळले की वाळले. पेशींमधली पकड क्षणोक्षणी नव्याने ठरते. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे.

साबणाचे बुडबुडे

वळून झाल्यावर कोषावस्थेत पुढची मांडणी होते, आणि इथे भौतिकशास्त्र थेट वर्गात येते. १८७३ साली बेल्जियमचे जोसेफ प्लॅटो यांनी साबणाच्या पातळ पडद्यांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांना अंधत्व येऊन तीस वर्षे होत आली होती. दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहून त्यांनी नियम शोधले : पडदे तीन-तीनच्या गटाने एका कडेवर भेटतात आणि त्यांच्यात १२० अंशांचे कोन असतात. चार पडदे एका कडेवर टिकत नाहीत.

२००४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील ताकाशी हायाशी आणि रिचर्ड कार्थ्यू यांनी नेत्रिकेतल्या चार शंकुपेशींची मांडणी चार बुडबुड्यांच्या मांडणीशी ताडून पाहिली. दोन्ही हुबेहूब जुळल्या. चारऐवजी एक, दोन, तीन, पाच किंवा सहा शंकुपेशी असलेल्या बिघडलेल्या नेत्रिकाही त्यांनी पाहिल्या. त्याही तेवढ्याच बुडबुड्यांप्रमाणे बसलेल्या होत्या! या पेशींत ई-कॅड्हेरिन तर असतेच, शिवाय शेजारच्या पेशींत नसलेले एन-कॅड्हेरिनही असते. ते काढून टाकले की मांडणी बिघडते. २००७ साली कार्थ्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रतिकृती वापरून दाखवले की चिकटपणाच्या जोडीला पेशीच्या कडेचा ताणही धरावा लागतो. चिकटपणा स्पर्श वाढवू पाहतो, ताण कड आखडून घेतो, आणि या ओढाताणीतून आकार ठरतो. तेलाच्या थेंबाची स्टाइनबर्ग यांची उपमा बरोबर होती, पण अपुरी होती.

शेजार निवडणाऱ्या पेशी

शेवटचा टप्पा नेत्रिकांमधल्या जाळीचा. आरंभी तिथे पेशींची गर्दी असते, दोन-दोन तीन-तीन पदरी. नंतर त्या एका ओळीत येतात आणि उरलेल्या पेशी मरून जातात. बस आली की घोळक्याची रांग व्हावी तसे. ही रांग कोण लावते? २००५ साली सुजिन बाओ आणि रॉस केगन यांनी उत्तर दिले. जाळीच्या पेशींवर 'रफेस्ट' नावाचे प्रथिन असते. ते बिघडले तर डोळा खडबडीत होतो, म्हणून हे नाव. नेत्रिकेभोवतीच्या दोन रंगद्रव्य पेशींवर 'हिब्रिस' हे प्रथिन असते. हिब्रिस आणि रफेस्ट एकमेकांना पसंत करतात. त्यामुळे जाळीची प्रत्येक पेशी आपल्यासारख्या पेशींना सोडून रंगद्रव्य पेशींशी जास्तीत जास्त अंग भिडवू पाहते. प्रत्येकीने भिंतीला टेकायचे ठरवले की घोळक्याची आपोआप एक ओळ होते. आतापर्यंतच्या गोष्टीत सारख्याला सारखे धरत होते. इथे वेगळ्याने वेगळ्याला धरल्यामुळे शिस्त आली.

चिलटाच्या डोळ्यातल्या या बारकाव्यांचे माणसाला काय, असे कुणी विचारील. १९९८ साली स्वीडन आणि फिनलंडमधील संशोधकांना 'नेफ्रिन' हे मानवी प्रथिन सापडले. आपल्या मूत्रपिंडाच्या गाळणीत शेजारशेजारच्या पेशींमधली फट राखण्याचे काम ते करते. ते बिघडलेले असेल तर नवजात बाळाच्या लघवीतून प्रथिने वाहून जातात. हा गंभीर आजार आहे. हिब्रिस हे माशीतले प्रथिन या नेफ्रिनच्याच कुळातले. त्याच वर्षी न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या जठराच्या कर्करोगाचे कारण सापडले. ते होते ई-कॅड्हेरिनच्या जनुकातला बिघाड. पेशींचा शेजार मोडणे म्हणजे काय, हे अशा घरांना विचारावे.

मागच्या बाकावरचा प्रश्न

आता त्या मुलीला काय सांगावे? एक प्रयोग करून दाखवता येईल. बशीत साबणाचे थोडे पाणी घ्या आणि नळीने एकाच मापाचे चार बुडबुडे एकमेकांना चिकटून सोडा. क्षणभर चौघांच्या कडा मध्यभागी एका बिंदूत भेटल्यासारख्या वाटतील, पण लगेच सरकतील. दोन बुडबुडे मध्ये एकमेकांना टेकतील आणि उरलेले दोन त्यांच्या बाजूंना राहतील. मुलांना वहीत ही आकृती काढू द्या. मग शेजारी फळ्यावर माशीच्या चार शंकुपेशींची आकृती काढा. त्यांची मांडणी अगदी अशीच असते. बुडबुड्यांना कुणी जागा सांगितली, असे विचारा आणि थोडा वेळ थांबा.

त्यानंतर जनुकांकडे वळले तर उत्तर पोकळ वाटणार नाही. कोणत्या पेशीने कोणते चिकटणारे प्रथिन, किती आणि केव्हा बनवायचे, हे जनुकांमुळे ठरते. पुढची रचना पेशी शेजारणींशी ओढाताण करत स्वतःच करतात. उपमेशिवाय चालत नसेल तर 'वीट' खुशाल वापरा, पण ही वीट शेजारीण निवडते, पकड सैल करते आणि वेळ आली की चालतेही, हे त्याच तासाला सांगून टाका.

आणि एखाद्याने पुढे विचारले, "पण नेत्रिका नेमक्या ९० अंशांवरच का थांबतात?" तर त्याचे पूर्ण उत्तर अजून कुणालाच मिळालेले नाही, हेही मोकळेपणाने सांगावे. विचारणाऱ्याला ते आवडेल.